सात नंबरची चौकट

"मिटलेल्या चौकटीला दारं किती आहेत ते बाहेरून दिसतं, आत भिंत आहे की नाही, ते दिसत नाही."

बाई हे एकदा म्हणाल्या होत्या. जेवणाची सुट्टी संपत आली होती, त्या डब्याचं झाकण फडक्याने पुसत होत्या. वाक्य मला उद्देशून होतं की झाकणाला, ते आजही मला नक्की सांगता येणार नाही. आमची टेबलं शेजारी होती. माझ्याकडे पाणीखात्याचा पत्रव्यवहार होता, त्यांच्याकडे नकाशा.

कार्यालयात सगळे त्यांना चौकटबाई म्हणत, तोंडावर नुसतं बाई. त्यांच्या जेवणाच्या डब्यात अजून एक छोटी डबी असे आणि त्या डबीत मिठाची पुडी. त्यावरून एकदा कुणीतरी म्हणालं, "बाई, पुडीच्या आत काय आहे तेही दाखवा एकदा." बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पुडी उघडली, मीठ दाखवलं, पुन्हा बांधली. त्यांच्या सगळ्याच हालचाली अशा होत्या, फार पूर्वी ठरवून टाकल्यासारख्या.

नकाशा म्हणजे रस्त्यांचा नव्हे. शहराच्या पोटातल्या पाण्याचा. जमिनीखालचा प्रत्येक पाइप ही एक रेघ. प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक टाकी, प्रत्येक पंप हा एक गोल. कोण कुणाला जोडलेलं आहे एवढंच त्यात दाखवायचं. अंतर नाही, वळण नाही, चढ-उतार नाही. पूर्वी हे सगळं लांबलचक खणांत गुंडाळून ठेवलेल्या कागदांवर होतं. कागद पिवळे पडले, कडा मोडल्या, मग एक संगणक आला आणि त्याच्यासमोर बाईंना बसवण्यात आलं. अकरा वर्षं त्या कागद वाचून गोल काढत होत्या. दोन हजारांच्या वर गोल झाले. एवढे गोल एकदम पडद्यावर आले की माणसाला काहीच दिसत नाही. वारूळ काठीने उकरल्यावर मुंगी दिसत नाही, तसं.

म्हणून चौकटी. एका गल्लीतले पाचसात गोल निवडायचे, त्यांच्याभोवती चौकट घालायची. चौकटीच्या कोपऱ्यात वजाबाकीची बारीक खूण येते. ती दाबली की चौकट मिटते. आतले गोल, आतल्या रेघा नाहीशा होतात, उरतो एक लहान डबा आणि त्यावर नाव. बाहेरून येणाऱ्या रेघा डब्याच्या कडेला टेकून थांबतात. आत त्या कुठे जातात ते बाहेर कळत नाही. अशा दहा गल्ल्यांची एक वस्ती, म्हणजे त्याहून मोठी चौकट. दोनतीन वस्त्यांचा एक विभाग, त्याची आणखी मोठी. सगळं मिटलं की शहराचे चौदा डबे उरतात आणि त्यांच्यामध्ये थोड्याशा रेघा. हे चौदा डबे साहेबांच्या केबिनमध्ये भिंतीवर लावलेले होते. साहेबांना शहर आवडायचं ते तेवढंच.

मिटलेल्या डब्यावर बेरजेची खूण असते. ती दाबली की आतलं सगळं जसंच्या तसं परत येतं. पण त्याला जागा लागते. उघडलेली चौकट शेजारच्या डब्यांवर पसरते, त्यांना झाकून टाकते. बाईंनी सुरुवातीपासून एक गोष्ट पाळली होती. प्रत्येक डब्याभोवती त्या तेवढीच मोकळी जागा सोडत, जेवढी त्याला उघडल्यावर लागेल. त्यामुळे मिटलेला नकाशा विरळ दिसे, चौदा डबे चौदा बेटांसारखे. तीन वर्षांपूर्वी हे साहेब बदलून आले. पहिल्याच दिवशी ते नकाशासमोर उभे राहिले.

"बाई, एवढी रिकामी जागा कशाला?"

"उघडायला."

"कोण उघडतंय?"

खरोखरच कुणी उघडत नव्हतं. त्यांनी डबे सरकवून जवळ जवळ आणले, कागद निम्मा झाला, साहेबांनी त्याला लाकडी पट्ट्या लावून घेतल्या. त्या संध्याकाळी बाई नेहमीपेक्षा जरा उशिरा उठल्या, एवढंच मला आठवतं. खुर्चीवरची उशी त्यांनी दोनदा झटकली.

त्यांचं घर मी एकदाच पाहिलं. आईचं घर, दुसरा मजला, चार खोल्या. आई गेल्यावर धाकट्या भावाने मधोमध भिंत घालून घेतली. भांडण वगैरे काही नव्हतं. भावाच्या मुली मोठ्या होत होत्या, बाई एकट्या होत्या, आणि भिंत सगळ्यांच्याच सोयीची होती. जिन्यात आता दोन दारं होती आणि दोन्ही पाट्यांवर आडनाव एकच. खालच्या मजल्यावरची माणसं बाईंना म्हणत, "तुमचं बरं आहे हो, एकट्या असून एकट्या नाही. भाऊ आहे घरातच."

ज्या वाक्याने मी सुरुवात केली, ते बाई म्हणाल्या त्याच्या आदल्या आठवड्यात त्या तापाने पडल्या होत्या. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर त्या दूध आणायला बाहेर पडल्या तेव्हा जिन्यात भाऊ आणि भावजय भेटले.

"ताई, आज सुट्टी?" भाऊ म्हणाला.

"तीन दिवस घरात आहे. ताप होता."

"अगं, मग सांगायचं नाही का? आम्हाला वाटलं तू रोज ऑफिसला जातेयस."

"वन्सं, हाक तरी मारायची," भावजय म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं.

"मारली होती."

"मग ऐकू कशी नाही आली?"

"भिंत चांगली बसवलीय."

"गवंड्याने दोन थर घातलेत आत," भाऊ म्हणाला. कामाचं कौतुक झालं, असं त्याला वाटलं असावं.

हे बाईंनी मला सांगितलं, पण दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं. आणि मग झाकण पुसता पुसता ते वाक्य.

आता सात नंबरच्या डब्याबद्दल सांगितलं पाहिजे.

सात नंबरच्या विभागात दोन वस्त्या: वरची आणि खालची. वरच्या वस्तीत टेकडीच्या कडेला चाळीस खाटांचं इस्पितळ. मिटलेल्या नकाशात सात नंबरच्या डब्याला दोन रेघा येऊन टेकत, एक उत्तरेकडून, एक पूर्वेकडून. गेल्या वर्षी उत्तरेच्या पाइपचा एक सांधा गळायला लागला. तो बदलायचा तर पाइप दोन दिवस बंद ठेवावा लागणार होता. साहेबांनी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं आणि पाच मिनिटांत योजना केली: उत्तर बंद, पूर्व चालू, सात नंबरला पाणी पूर्वेकडून मिळेल. गुरुवार, शुक्रवार. पत्राचा मसुदा माझ्याकडे आला, छापायचा नकाशा बाईंकडे.

सोमवारी बाईंनी तो कागद हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग त्या खाली अंगणात गेल्या. तिथे व्हॉल्व्हची उघडझाप करणारे चावीवाले सायकली लावून बसत. सात नंबरचे व्हॉल्व्ह ज्याच्याकडे होते तो सगळ्यांत म्हातारा. लोखंडी चावी खांद्यावर वाहून त्याचा एक खांदा कायमचा खाली आला होता. मी पाणी प्यायला गेलो होतो, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

"तो सातमधला व्हॉल्व्ह. दोन वस्त्यांच्या मधला. दुरुस्त झाला का हो?"

"कुठला? तो?" चावीवाला हसला. "तो आहे तसाच आहे, बाई. मी फिरवतो, तो फिरतो. आम्ही दोघं एकमेकांची समजूत घालतो."

"नऊ वर्षं झाली."

"आतलं झाकण तुटून खाली बसलंय ते काय आपोआप वर येणार? तक्रार कुणाची नाही. वरच्यांना वरून पाणी, खालच्यांना खालून. कुणाला काय पडलंय?"

बाई वर आल्या. बसल्या. मला म्हणाल्या, "माझीच चूक आहे." आणि मग सावकाश, पडद्याकडे बघत, काय झालं होतं ते सांगितलं.

उत्तरेची रेघ जायची वरच्या वस्तीला, पूर्वेची खालच्या. दोन्ही वस्त्या एकमेकींना एकाच पाइपने जोडलेल्या आणि त्या पाइपवर हा एक व्हॉल्व्ह. नऊ वर्षांपूर्वी चावीवाल्याने येऊन सांगितलं होतं की आतलं झाकण तुटून खाली पडलं आहे, आता इकडचं पाणी तिकडे जात नाही. बाईंनी ती नोंद घेतली. पण रेघ खोडली नाही. आठ दिवसांत दुरुस्त होणार, मग खोडायची आणि पुन्हा काढायची कशाला? त्यांनी व्हॉल्व्हभोवती एक लहान चौकट घातली, आत शेरा लिहिला, आणि चौकट मिटली. मग वस्त्या मिटल्या. मग विभाग मिटला. आठव्या दिवशी काही झालं नाही. महिन्याने त्या विचारणार होत्या, त्या सुमारास आई आजारी पडली. त्यानंतर त्या विसरल्या नाहीत, पण आठवलंही नाही. नीट घडी घालून ठेवलेल्या गोष्टीबद्दल मन निर्धास्त होतं, असं त्या म्हणाल्या.

"आता गुरुवारी उत्तर बंद होईल," बाई म्हणाल्या, "आणि इस्पितळाला एक थेंब मिळणार नाही. आणि कुणी पाणी भरून ठेवणार नाही, कारण त्यांना आपण कळवणार, पाणी येईल म्हणून." मसुदा माझ्याच टेबलावर होता. त्यात तसंच लिहिलं होतं.

मंगळवारी त्या साहेबांकडे गेल्या. मी मसुदा घेऊन पाठोपाठ गेलो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मग संगणक स्वतःकडे वळवला आणि सात नंबरवरची बेरजेची खूण दाबली. सात उघडला आणि सहा आणि आठवर पसरला. दोन वस्त्यांचे दोन डबे दिसले. त्यांच्यामध्ये एक रेघ, रेघेवर एक बारीक डबा.

"जोडलंय की."

"आत अजून एक आहे, साहेब."

"तुमच्या आत अजून किती आहेत, बाई?" साहेब स्वतःच हसले. "हे बघा, सात उघडली की सहा आणि आठ गायब. अशाने काम कसं चालायचं? रेघ आहे ना? आहे. तुम्हीच काढलेली आहे ना?"

"मीच."

"मग? तुमच्यावर विश्वास ठेवायचा की चावीवाल्याच्या ऐकीव गोष्टीवर?"

बाई पडद्यावरच्या रेघेकडे बघत राहिल्या. एखाद्याने आपलंच जुनं पत्र आपल्यालाच वाचून दाखवावं, तशा.

"उद्या बैठक आहे," साहेब म्हणाले. "काय असेल ते तिथे. आता हे मिटा."

बाईंनी मिटलं. मी मसुदा तसाच परत आणला.

चार वाजता चहाला चावीवाला वर आला. त्याला सगळं कळलं होतं. त्या इमारतीत बातम्या पाण्याआधी पोचत. तो बाईंच्या टेबलाला टेकून उभा राहिला.

"एवढं काय त्यात? ती रेघ खोडून टाका. आताच. उद्या बैठकीत उघडलं की आपोआप दिसेल, जोडलेलं नाही म्हणून. इस्पितळ वाचलं, तुम्हीही वाचलात."

"साहेबांनी आज पाहिलीय ती. खोडली तर म्हणतील, बाईंनी एका दिवसात भिंत बांधली."

"मग तो शेरा तरी काढा. वर तुमची सही आहे, तारीख आहे. नऊ वर्षांपूर्वीची! ती वाचली की पहिले तुम्हालाच धरतील."

"शेरा काढला तर व्हॉल्व्ह मोडलाय हे कशावरून?"

चावीवाल्याने थोडा विचार केला. "माझ्या खांद्यावरून," तो म्हणाला. दोघंही हसले, पण बाईंचं हसू लवकर थकलं. चहा तसाच राहिला. त्यावर साय धरली, ती त्यांनी बोटाने बाजूला केली आणि थंड चहा औषधासारखा पिऊन टाकला.

सुटल्यावर आम्ही बसथांब्यापर्यंत बरोबर चाललो. रस्त्याच्या कडेला कुठेतरी लोखंडी झाकणाखालून पाणी वाहिल्याचा आवाज येत होता. बाई झाकणाला वळसा घालून गेल्या. त्या कधीच झाकणावर पाय देत नसत. "वीस दिवसांनी माझी बढतीची यादी लागणार आहे," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षांतली पहिली." बस आली तेव्हा म्हणाल्या, "चाळीस खाटा म्हणजे रिकाम्या नसणार."

बुधवारची बैठक अकरा वाजता. लांब टेबल, एका टोकाला साहेब, भिंतीवर पडदा, पडद्यावर चौदा डबे. वेगवेगळ्या खात्यांची सातआठ माणसं. मी इतिवृत्त लिहायला. बाई संगणकाजवळ, एका कोपऱ्यात, स्वतःची उशी घातलेल्या खुर्चीवर. इस्पितळातून मुख्य परिचारिका आली होती, जाड भिंगांचा चष्मा लावलेली, मांडीवर वही घेतलेली. ती एकाच प्रश्नासाठी आली होती आणि तो तिने सुरुवातीलाच विचारला.

"दोन दिवस म्हणजे आम्ही किती पाणी भरून ठेवायचं? टाकी एका दिवसाचीच आहे. पिंपं मागवायची तर आजच मागवायला हवीत."

"तुम्हाला काही भरायची गरज नाही," साहेब म्हणाले. "तुम्हाला दुसरीकडून मिळेल. या बघा, दोन रेघा. एक बंद, एक चालू."

परिचारिकेने पडद्याकडे पाहिलं. दोन रेघा होत्या. तिने वही मिटली.

वही मिटल्याचा आवाज फार लहान होता. बाईंनी हात माउसवर ठेवला आणि काही न विचारता सात नंबर उघडला. सहा आणि आठ झाकले गेले.

"बाई," साहेब म्हणाले.

त्यांनी वरची वस्ती उघडली. नऊ आणि दहा गेले. पडद्याचा अर्धा भाग गोलांनी भरला. त्यांनी खालची वस्ती उघडली. आता चौदा डब्यांपैकी पाच उरले होते, तेही कडेला दबलेले. टेबलावर कुजबुज सुरू झाली. रस्तेखात्याचा माणूस म्हणाला, "आमचं ऑफिस कुठे गेलं?" एकदोघं हसले.

"बाई, काल बोललो आपण यावर. रेघ आहे."

बाईंनी रेघेवरचा बारीक डबा उघडला.

आत एकच गोल होता. त्याच्या शेजारी चार ओळींचा शेरा, बारीक अक्षरात. बाईंनी अक्षर मोठं केलं. टेबलावरच्या सगळ्यांनी वाचलं. काही जणांनी ओठ हलवून.

*चावी फिरते, पाणी जात नाही. आतले झाकण तुटले आहे. दुरुस्ती होईपर्यंत दोन्ही वस्त्या वेगळ्या समजाव्यात.* खाली तारीख आणि बाईंची आखूड सही.

"म्हणजे येणार नाही?" परिचारिकेने विचारलं. साहेबांना नाही, बाईंना.

"नाही. उत्तर बंद केली की तुमच्याकडे काही येणार नाही."

"अजून तसंच आहे ते? नऊ वर्षांनी?"

"सोमवारी विचारलं. तसंच आहे."

परिचारिकेने वही पुन्हा उघडली, पण काही लिहिलं नाही. "उद्या सकाळी दोन शस्त्रक्रिया आहेत," ती म्हणाली आणि साहेबांकडे बघत राहिली.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी कपाळावरून हात फिरवला, मला म्हणाले, "गुरुवारचं बंद रद्द. लिहा. आधी हा व्हॉल्व्ह बदलायचा. मग पुढची तारीख." मी लिहिलं. परिचारिका उठली, बाईंच्या खुर्चीपाशी क्षणभर थांबली, मग तशीच गेली. तिला आता पिंपं मागवायची गरज नव्हती, पण चाल पिंपं मागवायला निघाल्यासारखीच होती.

मग साहेब बाईंकडे वळले.

"हे नऊ वर्षं तुमच्याकडे होतं."

"हो."

"तुम्हीच लिहिलंत, आणि तुम्हीच मिटलंत."

"हो."

"उद्यापर्यंत लेखी खुलासा द्या. तो वर पाठवावा लागेल, माझा इलाज नाही."

"देते."

कुणी बाईंकडे बघत नव्हतं. रस्तेखात्याचा माणूस नखं बघत होता. पडद्यावर सात नंबरची चौकट शहरभर पसरली होती: गल्ल्या, वळणावरचे व्हॉल्व्ह, इस्पितळाची टाकी, कुणाच्या तरी दारातला शेवटचा नळ, आणि मधोमध ते एक मोडकं झाकण. अकरा वर्षं खपून काढलेलं एवढं सगळं त्या खोलीत पहिल्यांदाच कुणाला तरी दिसत होतं, आणि कुणालाही ते बघवत नव्हतं.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "आता ते मिटा. पुढचा विषय तीन नंबरचा आहे, आणि तीन कुठे दिसतच नाहीये."

बाईंनी बाण कोपऱ्यातल्या वजाबाकीच्या खुणेवर नेला. तिथे तो थांबला. आम्ही सगळे त्या बाणाकडे बघत होतो. बराच वेळ गेला. निदान मला तसं वाटलं.

"बाई?"

बाईंनी माउसवरचा हात काढून घेतला. चष्मा उतरवला, पदराने पुसला, त्याच्या डबीत ठेवला. पायाशी ठेवलेली पिशवी उचलली, तिच्यातला जेवणाचा डबा वाजला. खुर्ची टेबलाखाली सारली, तिच्यावरची उशी सरळ केली, आणि उघड्या पडद्यासमोरून बाहेर निघून गेल्या.